गाडगेबाबांचा खराटा आणि आपली प्रतिकारशक्ती

पाऊस सुरू झाला की बहुतेक घरांत एकच चित्र दिसतं. धाकट्याचं नाक वाहतंय, मोठीला ताप आहे, सासूबाईंचा खोकला थांबत नाही आणि घरातल्या बाईला तर आजारी पडायलाही सवड नाही! मग आपण मेडिकलच्या दुकानात जातो आणि प्रतिकारशक्ती वाढवणारं काही आहे का, असं विचारतो. बाटली मिळते, पावडर मिळते, शे-दोनशे रुपये जातात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. २०२० च्या करोना साथीनंतर तर काढे, गोळ्या आणि चूर्ण यांचं पेवच फुटलं.

मैत्रिणींनो, आज गोष्ट सांगायची आहे ती अशा माणसाची, ज्याने कधी काढा वाटला नाही की गंडा बांधला नाही. त्याच्या हातात होता फक्त एक खराटा. नाशिकच्या गोदाघाटावर त्यांच्या नावाचा पूल आहे. गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात बुडू लागला की बातम्यांमध्ये या पुलाचं नाव हमखास येतं. होय, संत गाडगे महाराज! आपले गाडगेबाबा. त्यांना आपण स्वच्छतेचे संत म्हणून ओळखतो. पण त्यांचं आयुष्य जवळून पाहिलं, तर निरोगी कसं राहायचं याचा एक सबंध धडाच त्यात सापडतो.

दारूने मोडलेलं घर

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात एका परीट कुटुंबात डेबूचा जन्म झाला. पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचं नाव सखूबाई. वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्यातच ते गेले. डेबू तेव्हा अगदी लहान होता. पोराला घेऊन सखूबाई मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाच्या शेतात डेबू गुरं राखू लागला, नांगर धरू लागला. शाळा काही नशिबी आली नाही.

दारू घराचं काय करते, हे त्याला पुस्तकातून शिकावंच लागलं नाही. पुढे त्याचं लग्न झालं, कुंताबाई घरात आल्या, लेकरं झाली. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची, ही त्या काळची रीत. डेबूजींनी ती मोडली आणि पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. नातेवाईक रागावले, कुरकुरले. पण ते ऐकून घेऊनही डेबूजी हलले नाहीत.

आज डॉक्टरही हेच सांगतात. दारूमुळे फक्त यकृतच खराब होतं असं नाही, रोगाशी लढणाऱ्या पेशीही दुबळ्या होतात. रोज पिणाऱ्या माणसाला न्यूमोनिया आणि क्षयरोग होण्याचा धोका जास्त असतो. आणि घरातला पैसा दारूत गेला की मुलांच्या ताटातलं दूध, डाळ आणि भाजी कमी होते, हे वेगळं सांगायला नकोच. म्हणजे पितो एक आणि प्रतिकारशक्ती कमी होते सगळ्या घराची!

आधी खराटा, मग कीर्तन

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर मातीच्या गाडग्याचं खापर. त्याच खापरात जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. मागे कुंताबाई आणि लेकरं राहिली. बाबांची थोरवी सांगताना या माऊलीने ओढलेला संसार आपण विसरतो, म्हणून इथे मुद्दाम आठवण काढली.

बाबा पायी गावोगाव फिरत. गावात शिरले की आधी देऊळ नाही की पाटलाचा वाडा नाही. सरळ खराटा घ्यायचा आणि रस्ते झाडायचे, गटारं साफ करायची. लोकांना आधी वाटे, कोणी वेडा आला! मग एकेक जण लाजून हातभार लावायला येई. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडायची. वऱ्हाडी बोलीत ते साधे प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, नवसासाठी कोंबडं-बकरं कापू नका, मुलामुलींना शाळेत घाला, सगळा भर यावरच. कोणी पाया पडायला आलं तर ते पडू देत नसत. पंढरपूरला जात तेव्हाही विठ्ठलाच्या देवळात जाण्यापेक्षा चंद्रभागेचं वाळवंट झाडण्यात ते रमत.

तो काळ आठवा. पटकीची साथ आली की गावंच्या गावं ओस पडत. मरीआईचा कोप झाला असं लोक समजत आणि तिला बळी देत. खरं तर १८८४ सालीच रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला होता. घाण पाण्यातून तो पोटात जातो, हे शहाण्यासुरत्या लोकांना कळलं होतं. पण खेड्यातल्या माणसापर्यंत ते कोण पोहोचवणार? अक्षरओळख नसलेल्या बाबांनी ते खराट्याने पोहोचवलं.

खराट्याचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध काय?

तुम्ही म्हणाल, स्वच्छता ठीक आहे, पण तिने प्रतिकारशक्ती कशी वाढेल? तर ऐका. लहान मुलाला घाण पाण्याने जुलाब होतात. बरं वाटतं न वाटतं तोच पुन्हा होतात. असं वारंवार झालं की आतड्याच्या आतल्या अस्तराची झीज होते. मग मूल खातं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन वाढत नाही. शरीराला प्रथिनं, लोह, झिंक मिळालं नाही की रोगाशी लढणारी फौज उपाशी राहते. उपाशी फौज काय लढणार? मग पुढचा आजार आणखी लवकर येतो. आजारातून कुपोषण, कुपोषणातून आजार, असं हे दुष्टचक्र आहे.

हे चक्र टॉनिकच्या बाटलीने तुटत नाही. ते तुटतं स्वच्छ पाण्याने, झाकलेल्या गटाराने, संडासाच्या वापराने आणि साबणाने धुतलेल्या हातांनी. म्हणूनच म्हणायचं, प्रतिकारशक्ती ही शरीरात असली तरी तिची सुरुवात होते ती आपल्या उंबरठ्यापासून.

नाशिकची धर्मशाळा

कीर्तनात लोक पैसे देत. बाबांनी त्यातला पैसाही घरच्यांसाठी वापरला नाही. त्यातून त्यांनी धर्मशाळा, घाट, अन्नछत्रं, शाळा, वसतिगृहं उभी केली. अंध, अपंग, कुष्ठरोगी यांना ते स्वतः वाढत, कपडे देत. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा तीर्थांच्या गावी त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या.

तीर्थाच्याच गावी का? तर जत्रेला हजारो गोरगरीब माणसं येत. उघड्यावर झोपत, उघड्यावरच बसत, नदीचं तेच पाणी पीत. जत्रेतून साथ घेऊन माणसं घरी जात आणि ती गावभर पसरे. डोक्यावर छप्पर, स्वच्छ जागा आणि पोटाला अन्न मिळालं की माणूस आजाराला तोंड देऊ शकतो. धर्मशाळा म्हणजे निव्वळ पुण्याचं काम नव्हतं, ते आरोग्याचंही काम होतं. नाशिककरांना हे पटवून द्यायला नको. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. एवढी गर्दी म्हटलं की पाणी आणि स्वच्छता या दोन गोष्टी आधी, बाकी सगळं मागून!

गोविंदाची गोष्ट

बाबांच्या आयुष्यातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. गोविंदा हा त्यांचा मुलगा. १९२३ साली पिसाळलेला कुत्रा चावून तो गेला. बाबा तेव्हा कोकणात कीर्तन करत होते. बातमी तिथे पोहोचली. सांगतात की, बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. आपण ही गोष्ट त्यांच्या वैराग्याची म्हणून ऐकतो. पण एका आईच्या नजरेने पाहा. तिकडे कुंताबाईंचं काय झालं असेल?

लुई पाश्चर यांनी रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा दिली ती १८८५ मध्ये. आपल्या देशात कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था सुरू झाल्या होत्या. पण वऱ्हाडातल्या एका गरीब घरासाठी ही गावं म्हणजे दुसरं जगच.

आज तसं नाही. लस सरकारी दवाखान्यात मिळते. एक लक्षात ठेवा, चांगलं खाणं, व्यायाम, स्वच्छता या सगळ्या सवयी हव्यातच, पण रेबीजपुढे त्या कामाच्या नाहीत. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ काहीच उपाय उरत नाही. तेव्हा कुत्रा, मांजर किंवा माकड चावलं वा ओरखडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड म्हणूनच सोन्याच्या डागासारखं जपा.

खराटा कोणाच्या हातात?

बाबांच्या चरित्रातली एक गोष्ट आपण बायकांनी नीट पाहायला हवी. ज्याच्या कीर्तनाला हजारोंनी लोक जमत, तो पुरुष गर्दीसमोर स्वतः गटार उपसायचा. आपल्या घरात काय होतं? झाडू, फडकं, पाणी भरणं, उष्टी-खरकटी, आजाऱ्याची उस्तवार, सगळं एकटीवर. आणि जेवायला ती सगळ्यांत शेवटी. उरलंसुरलं, तेही उभ्याउभ्या. झोप पाच तास. मग तिच्या अंगात रक्त कमी आणि ताप आला तर महिना महिना अशक्तपणा.

घराची प्रतिकारशक्ती सांभाळणारीच जर अशी पोखरली गेली, तर उपयोग काय? बाबांनी गाव एकट्याने झाडलं नाही, गावाच्या हातात खराटा दिला. तसंच घरातही व्हायला हवं. मुलगा, नवरा, दीर, सगळ्यांनी कामाला हात लावायचा. ही मदत नव्हे, ही त्यांच्याही आरोग्याची सवय आहे.

एवढं कराच

- पिण्याचं पाणी गाळून, उकळून झाकून ठेवा. पाणी ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका.
- स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने २० सेकंद हात धुवा. नखं कापलेली हवीत.
- आठवड्यातून एक दिवस पिंप, हौद, कूलर रिकामे करून घासा आणि कोरडे ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.
- बाळाला जन्मानंतर तासाभरात आईचं दूध द्या. पहिलं पिवळसर चीकदूध फेकू नका, त्यात रोगाशी लढणारे घटक असतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.
- जुलाब झाले तर लगेच मीठ-साखरेचं पाणी सुरू करा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं तर थांबू नका, दवाखान्यात न्या.
- महाग पावडरी नकोत. बाजरी-नाचणीची भाकरी, मूग-मटकीची उसळ, मेथी, शेवगा, शेंगदाणे, अंडी, ताक, पेरू, आवळा हे सगळं आपल्याच बाजारात आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह नीट अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा मात्र नको.
- सात-आठ तास झोप आणि रोज अर्धा तास भरभर चालणं. घरातलं काम झालं म्हणजे व्यायाम झाला, असं समजू नका.
- साध्या सर्दी-पडशाला मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. ताप तीन दिवसांहून जास्त राहिला किंवा खोकला दोन आठवडे थांबला नाही, तर तपासून घ्या.
- ताट वाढताना स्वतःचंही वाढा. सगळ्यांबरोबर बसून जेवा!

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. वय ८० वर्षं. चालणं, कष्ट, मिळेल ती भाकरी आणि व्यसनाचा पत्ता नाही, असं त्यांचं आयुष्य. २०००-०१ साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि कितीतरी गावांनी चढाओढीने आपला चेहरामोहरा बदलला. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं.

पण बाबांना स्वतःला हारतुरे कधीच आवडले नाहीत. त्यांची आठवण ठेवायची तर आपल्या दारासमोरचं तुंबलेलं गटार, माठाचं उघडं तोंड आणि बाळाच्या कार्डावरचा राहून गेलेला डोस, एवढं जरी पाहिलं तरी पुरे. मग काय मैत्रिणींनो, उद्या सकाळी घरातल्या कोणाच्या हातात खराटा द्यायचा, ठरलं ना?