सॅकरिनशी वैर घेणारा रसायनशास्त्रज्ञ

घरात कोणाला कर्करोग झाला, की स्वयंपाकघरात दोन सल्ले हमखास पोचतात. एक म्हणतो, साखर बंद करा. दुसरा म्हणतो, साखरेऐवजी घेतात ती गोळी तर त्याहून वाईट. यातली दुसरी भीती शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा माग काढत गेलो, तर आपण हार्वे वॉशिंग्टन वायली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञापाशी पोचतो.

वायली यांचा जन्म १८४४ साली इंडियाना राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाले, पण रुग्ण तपासण्यापेक्षा त्यांचे मन प्रयोगशाळेत रमले. १८७४ पासून ते पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागले. पुढे जर्मनीत जाऊन साखरेच्या तपासणीची आधुनिक तंत्रे शिकून आले. परतल्यावर त्यांनी इंडियानातल्या बाजारातील मध आणि पाक तपासले. त्यात स्वस्त ग्लुकोजची सर्रास भेसळ निघाली. साखर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि भेसळ हा रागाचा. १८८३ मध्ये ते केंद्रीय कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले.

त्या काळी अमेरिकेत दुधात फॉर्माल्डिहाइड आणि मांसात बोरॅक्स घालून विकले जाई. ते रोखणारा देशव्यापी कायदा नव्हता. वायली यांनी १९०२ मध्ये एक धाडसी प्रयोग सुरू केला. बारा तरुण स्वयंसेवकांना रोज चांगले जेवण द्यायचे आणि त्यातून ठरावीक मात्रेत ही रसायने द्यायची. नंतर त्यांची नाडी, वजन, मल-मूत्र यांची बारकाईने नोंद ठेवायची. वर्तमानपत्रांनी या तरुणांना विषपथक असे नाव दिले. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण त्यामुळे लोक जागे झाले. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली.

इथवर वायली विजयी होते. मग सॅकरिन आडवे आले.

सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत लागला. तिथे काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फाल्बर्ग यांना जेवताना स्वतःचे हात गोड लागले आणि हा पदार्थ हाती आला. तो साखरेच्या काहीशे पट गोड, आणि तयार होई डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून. वायली यांच्या लेखी ही सरळ फसवणूक होती. गिऱ्हाइकाला वाटते साखर खातोय, पोटात जाते पोषणशून्य रसायन.

१९०८ मध्ये व्हाइट हाउसमधल्या बैठकीत एका उद्योजक नेत्याने सांगितले, की डबाबंद मक्यात साखरेऐवजी सॅकरिन वापरून आपले हजारो डॉलर वाचले. वायली यांना राहवले नाही. राष्ट्राध्यक्षांनी विचारण्याआधीच ते मध्ये बोलले आणि सॅकरिन आरोग्याला अत्यंत घातक असल्याचे सांगून मोकळे झाले. रूझवेल्ट स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सॅकरिन घेत. ते भडकले आणि असे म्हणणाऱ्याला त्यांनी मूर्ख ठरवले. लवकरच वायली यांच्या निर्णयांची फेरतपासणी करायला तज्ज्ञ मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष झाले तेच आयरा रेमसन.

मंडळाने सांगितले, की थोड्या मात्रेत सॅकरिन निरोगी माणसाला अपाय करत नाही, जास्त मात्रेत पचन बिघडू शकते. वायली यांचा प्रभाव ओसरत गेला. १९१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुढची अठरा वर्षे एका मासिकाच्या प्रयोगशाळेतून ते ग्राहकांसाठी लिहीत, तपासत राहिले. ३० जून १९३० रोजी, कायद्याच्या बरोबर चोविसाव्या वर्धापनदिनी, त्यांचे निधन झाले.

ग्राहकाला न सांगता साखरेच्या जागी दुसरे काही घालू नये, हे वायली यांचे म्हणणे बरोबर होते. सॅकरिन घातक आहे, हा दावा मात्र त्यांनी पुरेशा पुराव्याविना केला. ती शंका त्यांच्यामागेही उरली. १९७७ मध्ये सॅकरिनची प्रचंड मात्रा दिलेल्या नर उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, मधुमेहींनी विरोध केला, आणि शेवटी डब्यांवर धोक्याची सूचना छापली गेली. पुढे कळले, की या उंदरांच्या मूत्रात विशिष्ट प्रकारचे कण साचून मूत्राशयाच्या आतल्या थराला इजा होते आणि माणसात तसे घडत नाही. २००० मध्ये ती सूचना काढण्यात आली.

आज वायली यांचा प्रश्न अॅस्पार्टेमला विचारला जातो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात टाकले, कारण पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम पडते. चहातल्या एक-दोन गोळ्या तिच्या आसपासही जात नाहीत.

हे सगळे संशोधन मुख्यतः कर्करोग होतो का, याविषयी आहे. ज्यांना तो झाला आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. उपचारांच्या काळात वजन घटणे हा मोठा धोका असतो. अन्न नकोसे झालेल्या रुग्णाचा चमचाभर साखरेचा शिरा भीतीपोटी काढून घेऊ नये. सोबत मधुमेह असेल, तर साखर किती आणि गोळी कोणती, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारावे. केमोथेरपीत जुलाब होत असतील, तर सॉर्बिटॉल असलेल्या शुगर-फ्री गोळ्या-चॉकलेटांनी ते वाढू शकतात, म्हणून पाकिटावरचे घटक वाचावेत.

पाकिटावर काय आहे ते खरे छापलेले असावे, यासाठी वायली यांनी आयुष्य वेचले. ते वाचण्याचे काम आपले.