वाडा आणि सिनेमा

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बी. ए. झालो की उल्हासनगरातच एखाद्या कारखान्यात नोकरी धरावी, असे वडिलांना वाटते. म्हणून जे. बी. एच. वाडियांचे चरित्र मला जवळचे वाटले. मुंबईच्या धनाढ्य पारशी जहाजबांधणी घराण्यात ते १९०१ साली जन्मले. उच्चशिक्षित असूनही त्यांनी बदनाम समजला जाणारा सिनेमाचा धंदा पत्करला. घरच्यांना ते रुचले नाही. १९२८ साली त्यांचा ‘वसंतलीला’ हा मूकपट आला. १९३३ साली धाकटे बंधू होमी यांच्यासह त्यांनी वाडिया मूव्हीटोन काढली. स्टुडिओ थाटला तो वडिलोपार्जित लवजी कॅसलमध्येच. ‘हंटरवाली’ घ्यायला वितरक धजेनात, तेव्हा १९३५ साली भावांनी तो स्वतःच प्रदर्शित केला. चित्रपट तुफान चालला, नादिया घरोघर पोचली. पडलो तर सावरायला आम्हाला वाडा नाही. पण मनातले काम वडिलांना सांगण्याचे धैर्य तरी मी गोळा करीत आहे.