कविवर बनारसीदास : अर्ध्या आयुष्याचा चोख हिशेब

संवत १६९८ (इ. स. १६४१) च्या मार्गशीर्ष महिन्यात आग्रा नगरीतील एका पंचावन्न वर्षांच्या जैन व्यापाऱ्याने आपल्या गतायुष्याची हकीकत ६७५ दोहा-चौपायांत लिहून पूर्ण केली. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले तर आपले निम्मे सरले, या हिशेबाने त्याने ग्रंथास ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. भारतीय भाषांतील पहिले आत्मचरित्र म्हणून विद्वान या ग्रंथाचा निर्देश करतात. आपली कथा लिहू बसलेला मनुष्य बहुधा जमेची बाजू ठळक लिहितो आणि नावेची बाजू पुसट ठेवतो. कविवर बनारसीदास यांनी दोन्ही बाजू सारख्याच शाईने लिहिल्या.

श्रीमाल ज्ञातीतील या घराण्याने राजसत्तेची लहर फार जवळून अनुभवली होती. आजोबा मूलदास हे माळव्यात नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. त्यांचे निधन होताच सरदाराने सर्व चीजवस्तू जप्त केली आणि त्यांच्या विधवा पत्नी लहानग्या खरगसेनास घेऊन जौनपूरला माहेरी आल्या. पुढे खरगसेन यांनी जौनपुरातच जवाहिराचा व्यवसाय उभारला. तेथे संवत १६४३ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे पहिले नाव विक्रमाजित. भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी मातापिता काशीला गेले असता तेथील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून तीर्थंकरांच्या जन्मनगरीचे नाव बालकास मिळाले. अकराव्या वर्षी खैराबाद येथील कन्येशी त्यांचा विवाह झाला. नववधू घरी आली त्याच दिवशी घरात एक कन्या जन्मली आणि वृद्ध आजी निवर्तली. सुख आणि दुःख एकाच उंबरठ्यावर भेटल्याचा हा पहिला अनुभव.

इ. स. १५९८ मध्ये जौनपूरचा सुभेदार किलीज खान याने जवहिऱ्यांना धरून कोरड्यांनी फोडून काढले. बाजार ओस पडला आणि कुटुंब गावोगाव फिरले. अशा अस्थिर दिवसांत बनारसीदास उपाश्रयात खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्यापाशी शास्त्राध्ययन करीत होते. त्याच वयात ते प्रेमप्रकरणांतही बुडाले. पित्याच्या पेटीतील रत्ने चोरून प्रेयसीला भेटवस्तू पाठविल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. शृंगारावर हजार पद्यांचा एक ग्रंथही त्यांनी रचला. पुढे खैराबादेस असताना सर्वांगावर व्रणांचा भयंकर रोग उठला. जवळ कोणी येईना. तेव्हा पत्नी आणि सासू या दोघींनी शुश्रूषा केली आणि एका नापिताच्या औषधाने प्राण वाचले. इतके होऊनही बरे वाटताच जुना नाद पुन्हा सुरू झाला, हेही त्यांनी लपविले नाही.

धनाचा मोहही तसाच. एका संन्याशाने गुप्त मंत्र दिला. वर्षभर जप केला की दारात रोज एक दीनार पडलेला सापडेल, असे त्याचे आश्वासन होते. जवहिऱ्याच्या या हुशार मुलाने वर्षभर निष्ठेने जप केला. दीनार काही सापडला नाही. दुसऱ्या एका योग्याने शंख देऊन तो सदाशिव म्हणून पुजावयास सांगितला. तीही पूजा चालू राहिली. इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली तेव्हा बनारसीदास जिन्यावर बसले होते. बातमी ऐकताच घेरी येऊन ते कोसळले, डोके फुटले आणि अंगण रक्ताने भिजले. नगरात दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने पुरले, श्रीमंतांनीही जाडेभरडे कपडे घातले. जहांगीर तख्तावर बसल्याचे पत्र आल्यावरच सर्वांचा जीव भांड्यात पडला. जखम भरत असताना त्यांच्या मनात आले की, पडलो तेव्हा या शंखाने कोणते रक्षण केले? पूजा सुटली. त्यानंतर एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांना आपला शृंगारग्रंथ ऐकवीत असता त्यांना स्वतःच्या असत्याची लाज वाटली आणि त्यांनी सारी पाने नदीत सोडून दिली. मित्र हळहळले. पित्याला मात्र परम संतोष झाला.

खरी शाळा पुढे बाजारात भरली. संवत १६६७ मध्ये खरगसेन यांनी काही रत्ने, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड असा सुमारे दोनशे रुपयांचा माल यादी करून मुलाच्या हाती दिला आणि त्यास आग्र्यास रवाना केले. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले आणि रात्री आसरा मिळेना. आग्र्यात तूप-तेलात नाममात्र नफा झाला. रत्नांची गोष्ट याहून वाईट. इजारीच्या नाड्यात बांधलेली रत्ने कोठे गळली कळलेच नाही. माणके बांधलेले वस्त्र उंदरांनी ओढून नेले. घरचे सामानही विकून खावे लागले. संध्याकाळी घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा वाचून दाखवीत. श्रोत्यांत एक कचोरीवाला असे. त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या खाऊन त्यांनी कित्येक महिने काढले. खिशात पैसा नाही हे त्यांनी त्यास स्पष्ट सांगितले, तरी त्या भल्या माणसाने हात आखडता घेतला नाही. पुढे ती उधारी त्यांनी चुकती केली.

खैराबादेस गेले तेव्हा पत्नीने साठविलेले वीस रुपये पुढे केले आणि सासूनेही गुपचूप दोनशे रुपये दिले. त्या भांडवलावर कापड आणि मोती घेऊन ते पुन्हा आग्र्यास आले, तर कापडाचा भाव पडलेला! मोत्यांनी तेवढे सांभाळले. एका बड्या सावकाराशी भागीदारीचा हिशेब मिटविण्यासाठी त्यांनी महिनोन् महिने खेटे घातले, परंतु शेठजी गाण्याच्या मैफलीतून उठतील तेव्हा ना! अखेर एका सज्जनाने मध्यस्थी करून फारकत करून दिली. ज्यांनी कधी येणे वसूल केले आहे त्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. एकदा तर मित्र नरोत्तमदासांसह ते वाट चुकून चोरांच्याच गावात शिरले. सुताची जानवी करून, मातीचे टिळे लावून आणि संस्कृत श्लोक म्हणून त्यांनी ब्राह्मण असल्याचे भासविले आणि जीव वाचविला.

संवत १६७३ मध्ये पिता निवर्तले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीच्या रोगाने लोक पटापट मरू लागले. घरातही मृत्यूची ये-जा थांबली नाही. तीन विवाह झाले, सात पुत्र व दोन कन्या झाल्या. नऊपैकी एकही अपत्य जगले नाही. हे सारे त्यांनी मोजक्या ओळींत नोंदविले आहे.

संवत १६८० मध्ये आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वरील राजमल्लांची टीका त्यांच्या हाती आली. अर्थ अर्धवट कळला आणि क्रियाकांड व्यर्थ वाटू लागले. त्यांनी पूजा-सामायिक सोडले. काही मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे उतरवून आपण मुनी झालो म्हणत ते नाचत. लोकांनी निंदा केली ती योग्यच होती, असा त्यांचाच सूर आहे. बारा वर्षांनी पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी ‘गोम्मटसार’ समजावून दिला. कोणत्या गुणस्थानी कोणती क्रिया उचित, हे कळताच निश्चय आणि व्यवहार यांचा झगडा मिटला. पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, त्यांचा ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ पूर्ण झाला. श्वेतांबर घराण्यात जन्मलेल्या या श्रावकाचा हा ग्रंथ दिगंबर मंदिरांतून स्वाध्यायासाठी वाचला जातो.

‘अर्धकथानका’च्या शेवटी त्यांनी आपले गुण आणि दोष मांडले आहेत. क्षमा, संतोष आणि काव्यशक्ती जमेस. लोभ, थट्टेखोरपणा, प्रसंगी खोटे बोलणे आणि एकांत मिळताच नाचू लागणे नावे. उत्तम, मध्यम आणि अधम अशा तीन प्रतींपैकी त्यांनी स्वतःला मध्यम प्रतीत बसविले.

आयुष्याचा दुसरा अर्धा भाग मात्र त्यांना लाभला नाही. दोनच वर्षांनी, सुमारे इ. स. १६४३ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्फुट रचना जगजीवन यांनी संवत १७०१ मध्ये ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र केल्या. ‘अर्धकथानक’ मात्र तीनशे वर्षे बहुतांशी हस्तलिखितांतच राहिले. इ. स. १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी ते संपादून मुंबईत छापले.