एका पुस्तकाचे दोन वाचकवर्ग : पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा एक पैलू

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या घटनेभोवती सांगितले जाते. प्रस्तुत लेखात ते त्यांच्या एका पुस्तकाच्या आणि त्या पुस्तकाच्या वाचकांच्या अंगाने पाहावयाचे आहे. १८८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झालेले 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासात त्याला फारशी जागा मिळत नाही. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनाही ते आपले वाटत नाही. वस्तुतः बालपण, विवाह आणि वैधव्य या क्रमाने मुलीच्या वाढीचा व समाजरचनेचा संबंध तपासणारा हा एका महाराष्ट्रीय लेखिकेचा आरंभीचा आणि महत्त्वाचा प्रयत्न होय.

ज्या बालपणाचे वर्णन या पुस्तकात आहे ते लेखिकेच्या वाट्याला आलेले नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले. रमाबाईंच्या अध्ययनाचा पाया घातला तो त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखद ठरल्यामुळे शास्त्रीबुवांनी धाकटीचे लग्न लहानपणी केले नाही. घराला स्थैर्य नव्हते. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवरच निर्वाह चाले. १८७४च्या सुमारास दुष्काळी हालअपेष्टांत आईवडील गेले. रमाबाई भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढील चार वर्षांत भावाचा मृत्यू, बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, मुलगी मनोरमेचा जन्म आणि १८८२च्या आरंभी वैधव्य, एवढे सारे घडले.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे मराठी पुस्तक निघाले. हंटर आयोगापुढील त्यांची साक्षही याच वर्षातील. 'स्त्रीधर्मनीति'त स्त्रीच्या अवनतीचा बराचसा दोष तिच्या अज्ञानावर आणि आळसावर ठेवलेला आहे. उपदेशाचा रोख स्त्रियांकडेच आहे. पाच वर्षांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात हा रोख पालटलेला दिसतो. तेथे दोष रूढी, धर्मशास्त्र आणि पुरुषांनी उभारलेली कुटुंबव्यवस्था यांच्याकडे जातो. हे अंतर इंग्लंडमधील वास्तव्याने आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे घेतलेल्या बाप्तिस्म्याने पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे. १८८२ साली मध्यमवर्गीय मराठी स्त्रियांशी बोलताना त्या शिक्षिकेच्या भूमिकेत होत्या. १८८७ साली परक्या समाजापुढे त्यांना वकिलाची भूमिका घ्यावी लागली. वाचक बदलला की लेखनाची दिशा बदलते, याचे याहून बोलके उदाहरण एकोणिसाव्या शतकात विरळा.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास गेल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. रमाबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी. पुस्तकात मनुस्मृतीतील विधिनिषेध, १८८१च्या जनगणनेतील आकडे, बालिकाहत्येची चर्चा, त्या वेळी गाजत असलेला रखमाबाईंचा खटला, असे नाना प्रकारचे साहित्य एकत्र आले आहे. पद्धतीच्या दृष्टीने दोष सांगता येतील. स्मृतिवचन आणि प्रत्यक्ष चाल यांतील अंतर लेखिका पुष्कळदा पुसून टाकते आणि उच्चवर्णीयांपलीकडील स्त्रीजीवन तिच्या कक्षेबाहेर राहते. तरीही एक प्रसंग अभ्यासकाने थांबून वाचावा असा आहे. यात्रेला निघालेला एक गृहस्थ गोदावरीवर स्नानास आलेल्या अनोळखी ब्राह्मणास आपली नऊ वर्षांची मुलगी देऊन टाकतो आणि पुढे निघून जातो. मुलगी सुदैवाने चांगल्या हाती पडते. लेखिका हे उदाहरण नाव न घेता देते. ती मुलगी म्हणजे लेखिकेची आई, हे वाचकाला कळते बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेमुळे. पुस्तक त्याच आईच्या स्मृतीस अर्पण केले आहे. सामाजिक पुराव्याच्या ओळीत आपल्या आईला निनावी उभे करताना रमाबाईंनी पाळलेला संयम आजच्या संशोधकालाही अनुकरणीय वाटावा.

अमेरिकेत पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. तेथील वाचकांनी त्याकडे कृतीची हाक म्हणून पाहिले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याचे अभिवचन मिळाले आणि गावोगावी मंडळे निघाली. मात्र यांतील अनेकांच्या दृष्टीने पुस्तक म्हणजे एका धर्मावरील आरोपपत्र होते. विवेकानंदांनी अमेरिकेतील व्याख्यानांत हिंदू विधवेच्या स्थितीचे वेगळे चित्र मांडले, तेव्हा १८९५ साली ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाशी त्यांचा उघड वाद झाला. एका पुस्तकाने दूरदेशी केवढे ठाम मत घडविले होते, याची ती साक्षच होय.

मराठी वाचकाने पुस्तकाऐवजी लेखिकेचा धर्म वाचला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्येच 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली होती. परंतु पुण्याच्या पांढरपेशा वर्गात तो स्वर एकाकी राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढील वर्षी ते पुण्यास आले. जातीचे नियम पाळण्याची मोकळीक आणि धर्माच्या बाबतीत तटस्थता हे त्याचे धोरण होते. येथेच दोन वाचकवर्गांची अपेक्षा एकमेकींवर आदळली. अमेरिकेतील एका ख्रिस्ती पत्रातील मजकुराच्या आधारे 'केसरी'ने संशय व्यक्त केला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ही गोष्ट त्या संशयाला पुष्टी देणारी ठरली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. टिळकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. रमाबाईंची श्रद्धा त्यांच्या दारातून बाहेर दिसतच होती. पण मुली काढून नेणाऱ्यांपाशी त्या काळी दुसरे सदन नव्हते. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांच्या आश्रमाचे कार्य १८९६ मध्ये सुरू झाले आणि धर्मप्रसाराच्या शंकेला जागा राहू नये याची काळजी त्यांनी प्रथमपासून घेतली.

याच काळातील 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हे मराठी पुस्तक इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवून वाचले पाहिजे. अमेरिकेला हिंदू घर दाखविणाऱ्या लेखणीने येथे मराठी वाचकाला अमेरिका दाखविली. तेथील स्त्रियांच्या संघटित कार्याचे कौतुक करताना कृष्णवर्णीयांशी व मूळ रहिवाशांशी होणारे वर्तन तिने झाकले नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ही दोन पुस्तके एकत्र नेमली गेल्यास 'परकीयांची हस्तक' हा जुना शिक्का किती अपुरा आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येईल.

दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ मध्ये रमाबाई हिशेब देण्यासाठी पुन्हा अमेरिकेस गेल्या. नंतरचे आयुष्य केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळग्रस्त स्त्रियांच्या सांभाळात आणि बायबलच्या मराठी भाषांतरात गेले. समाजाची चिकित्सा करणारे लेखन मागे पडले. मनोरमा १९२१ मध्ये वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. देवदत्त नारायण टिळकांचे मराठी चरित्र १९६० मध्ये आले. उमा चक्रवर्ती यांचा ग्रंथ १९९८ मध्ये आणि मीरा कोसंबी यांनी संपादित केलेला रमाबाईंच्या लेखनाचा इंग्रजी संग्रह २००० मध्ये निघाला. फिलाडेल्फियाच्या पुस्तकाचे गंभीर वाचन या शेवटच्या दोन ग्रंथांनी पुढे नेले, आणि ते दोन्ही इंग्रजीतच आहेत.