शाहू महाराजांचा खंड्या

सातारा शहराच्या पूर्वेला, कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगम माहुलीत राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. त्यांच्यातच एका कुत्र्याची समाधी आहे. त्याचे नाव खंड्या आणि त्याचे धनी होते छत्रपती शाहू महाराज. कोल्हापूरचे राजर्षी शाहू हे निराळे. येथे सांगायचे आहे ते शिवछत्रपतींचे नातू आणि संभाजीराजांचे पुत्र असलेल्या शाहूंविषयी.

१६८२ साली जन्मलेले शाहू १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. वय अवघे सात वर्षांचे. पुढची जवळपास अठरा वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत काढली. बादशहाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटका झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. येसूबाई मात्र १७१९ पर्यंत मोगलांच्या ताब्यातच राहिल्या.

बाळाजी विश्वनाथ आणि पहिला बाजीराव यांना पेशवेपद देणाऱ्या या राजाने स्वतः मोठ्या मोहिमा फारशा केल्या नाहीत. माणसे हेरावीत, त्यांच्यावर विश्वास टाकावा आणि त्यांना मोकळे सोडावे, ही त्यांची रीत होती. शिकार, घोडे, कुत्रे, पक्षी आणि बागा हे त्यांचे जिव्हाळ्याचे छंद होते.

अशाच एका शिकारीच्या प्रसंगी दबा धरून बसलेल्या वाघापासून खंड्याने महाराजांना वाचविले. त्याने भुंकून त्यांना वेळीच सावध केले, असे साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या घटनेकडे केवळ चमत्कार म्हणून पाहू नये. शिकारी कुत्रा नेहमी धन्याच्या पुढे धावतो. काठीचा धाक तेथवर पोहोचत नाही. म्हणून त्याला पिल्लूपणापासून एकाच माणसाच्या हाकेची आणि गंधाची सवय लावावी लागते. हाकेला धावून आला की तत्क्षणी शाबासकी आणि घास द्यावा लागतो. उशिरा दिलेले बक्षीस किंवा उशिरा केलेली शिक्षा कशाबद्दल आहे, हे त्याला उमगत नाही. मार खाऊन शिकलेला कुत्रा हुकूम पाळतो, परंतु हुकुमावाचून काही करायला कचरतो. वाघाची चाहूल लागताच भुंकण्याचा हुकूम तर कोणीच दिलेला नसतो! ते धाडस धन्याविषयी निर्धास्त असलेल्या कुत्र्यालाच होते.

महाराजांनी या उपकाराची फेड राजाला साजेल अशी केली. खंड्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, त्याला पालखीचा मान मिळाला आणि त्या पालखीचा सरंजामही प्रत्यक्ष ठेवण्यात आला. एकदा एक मराठा सरदार भेटीस यावयाचा होता, तेव्हा महाराजांनी खंड्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून आपली पगडी त्याच्या मस्तकी ठेवली आणि त्यानंतर स्वतः कधी पगडी घातली नाही, अशीही कथा आहे.

साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या गोष्टींची नोंद केली, ती उतारवयात बुद्धिभ्रंश झालेल्या राजाचे चाळे म्हणून. हा निवाडा घाईचा वाटतो. अखेरच्या वर्षांत, विशेषतः १७४८ मध्ये राणी सगुणाबाईंच्या निधनानंतर, महाराज खचले होते हे खरे. पण ज्याने प्राण वाचविले त्याला इनाम द्यावे, हा तर मराठेशाहीचा रिवाजच होता. बालपण शत्रूच्या पहाऱ्यात गेलेल्या या राजाने तो पाळताना माणूस आणि जनावर असा भेद केला नाही, इतकेच.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचे निधन झाले. अंत्यसंस्कार माहुलीलाच झाले आणि राणी सकवारबाई तेथेच सती गेल्या. महाराजांची समाधी संगमाच्या काठी, नदीच्या पात्रालगत आहे. खंड्याची समाधीही त्याच परिसरात आहे.