गिरणी कामगाराचा पोरगा, ज्याच्या स्टेपवर अख्खी वरात नाचते

बँड वाजला की ज्याला नाचता येत नाही तोसुद्धा हात हलवत जागच्या जागी डुलतो. या नाचाचे बाप म्हणजे भगवानदादा.

भगवान आबाजी पालव, जन्म १९१३. वडील गिरणी कामगार. भगवाननेही आधी मजुरी केली, मग मूकपटात शिरकाव केला आणि कमी खर्चातले मारधाडपट काढले. कुस्तीच्या वेडापायी ‘दादा’ हे नाव चिकटलं.

१९५१ ला ‘अलबेला’ आला. दोस्त सी. रामचंद्र यांनी त्यात अमेरिकन स्विंगचा ठेका आणला. सोबतीला गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. या ठेक्यावर बुटके, गुबगुबीत भगवानदादा गीता बालीसोबत नाचले. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. खांदे, मनगटं आणि छोटी पावलं, बस्स. पब्लिकला ते जमलं, म्हणून ते पब्लिकचं झालं. पुढे अमिताभच्या नाचातही तेच दिसलं.

जुहूला २५ खोल्यांचा बंगला झाला, दारात सात गाड्या आल्या. पण ‘झमेला’, ‘लाबेला’ यांना ‘अलबेला’ची सर आली नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहायला आले. किरकोळ भूमिका मिळायच्या, त्यातही दिग्दर्शकांना तीच स्टेप हवी असायची.

४ फेब्रुवारी २००२ ला दादरच्या घरीच ते गेले. गणपतीची मिरवणूक त्या चाळीसमोर थांबायची आणि दादा नाचायचे, असं सांगतात.