लष्करी घराण्याची सून : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे नाव निघाले म्हणजे काशीविश्वेश्वराचे मंदिर, नद्यांवरील घाट, विहिरी आणि धर्मशाळा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्राची आणखी एक बाजू आहे आणि तिचा विचार व्हावा तितका होत नाही. अहिल्याबाईंचे सारे आयुष्य एका लष्करी घराण्यात गेले. प्रथम सासरे व पती मोहिमेवर आणि पुढे राज्यकारभारातील सहकारीही मोहिमेवर. मागे राहून दौलत, घर आणि नातीगोती सांभाळण्याचे काम त्यांजकडे. ज्या घरांतील कर्ती माणसे आज सैन्यात आहेत त्या घरांनी ही बाजू अवश्य पाहावी, असे आम्हास वाटते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. इ. स. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या घरात आल्यावर सासूबाई गौतमाबाई यांनी त्यांना घरची शिस्त लावली आणि मल्हाररावांनी सुनेची बुद्धी ओळखून तिला वसुलीचे व फौजेच्या खर्चाचे हिशेब दाखविले. त्या काळी हे विशेषच म्हणावयाचे.

मराठ्यांच्या फौजा बहुधा दसऱ्यानंतर बाहेर पडत आणि पावसाळ्याला छावणी करीत. उत्तरेकडील मोहीम असली तर सरदाराला वर्ष-दोन वर्षे घर दिसत नसे. अशा वेळी मागे राहिलेल्या माणसाने नुसती वाट पाहत बसून भागत नसे. परगण्यांचा वसूल वेळेवर आला पाहिजे, सावकाराची हुंडी वटली पाहिजे, रसद व दारूगोळा पुढे गेला पाहिजे, शिबंदीचा पगार चुकता झाला पाहिजे. यांपैकी एक गोष्ट चुकली की रणांगणावरील शूराचा हातही लटका पडे. अहिल्याबाईंनी हे सारे काम लहान वयातच अंगवळणी पाडून घेतले. इ. स. १७४५ मध्ये पुत्र मालेराव व १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला. मुलांचे संगोपन आणि दौलतीचे कागद ही दोन्ही कामे एकाच वाड्यात चालू होती.

इ. स. १७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरजवळील कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस होते. त्या सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. पुत्र गेला, आता सुनेनेच पुत्राच्या जागी उभे राहावे, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाईंनी ती मानली. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय हाच होय. कारण त्या दिवसापासून दुसऱ्याच्या मोहिमेला त्यांनी आपले कर्तव्य मानले.

मल्हाररावांनीही आपला शब्द राखला. इ. स. १७६५ मधील त्यांची पत्रे पाहिली तर सासरा सुनेस लिहीत आहे असे न वाटता सेनापती आपल्या विश्वासू अधिकाऱ्यास लिहीत आहे, असे वाटते. ग्वाल्हेरीस जाऊन मोठ्या तोफांची व दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर चौक्या बसवाव्या, अशा आज्ञा त्यांत आहेत. मे १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा प्रश्न काढून रघुनाथरावांना माळव्यात बोलाविले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांशी संधान बांधले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला व रघुनाथरावांना लढाई न करता परतावे लागले.

आता प्रश्न होता फौजेचा. अहिल्याबाईंनी मल्हाररावांच्या विश्वासातील तुकोजी होळकर यांस सेनापती नेमले. तुकोजी हे मल्हाररावांचे पुत्र नव्हेत. वयाने अहिल्याबाईंहून थोडे वडीलच, तरी ते त्यांना मातोश्री म्हणत. तलवार तुकोजींकडे आणि जामदारखाना अहिल्याबाईंकडे, अशी ही वाटणी होती. तुकोजी दक्षिणेत असले म्हणजे सातपुड्याच्या दक्षिणेकडील महाल त्यांनी पाहावे व उत्तरेकडील अहिल्याबाईंनी. ते हिंदुस्थानात असले म्हणजे तिकडील खंडणी त्यांनी वसूल करावी, पण माळवा व निमाड अहिल्याबाईंकडेच राहावा, अशी रीत पडली. महेश्वरी राहून त्यांनी न्यायनिवाडा केला, विणकर वसविले, रयतेस स्वास्थ्य दिले. तुकोजी मात्र कधी इंग्रजांशी, कधी टिपूशी, कधी उत्तरेत, असे सदैव घोड्यावर.

ही वाटणी गोडीगुलाबीने चालली असे कोणी समजू नये. तुकोजी फौजेच्या पगारासाठी वारंवार पैसा मागत आणि अहिल्याबाई आधी मागील हिशेब मागत. छावणीत बसलेल्यास वाटे की घरच्यांना लढाईचा खर्च कळत नाही. महेश्वरी बसलेल्यास वाटे की छावणीला रयतेचे कष्ट दिसत नाहीत. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. तक्रारी पुण्यापर्यंत गेल्या. तथापि अहिल्याबाईंनी तुकोजींचे सेनापतिपद काढून घेतले नाही आणि तुकोजींनी महेश्वरावर फौज नेली नाही. तब्बल अठ्ठावीस वर्षे हा संबंध टिकला. सरदार घराण्यांत भाऊबंदकीने दौलती बुडत असता ही गोष्ट लहान नव्हे.

घरच्या दुःखाने मात्र त्यांना सोडले नाही. मुक्ताबाईंचा पुत्र नथ्याबा अकाली गेला. पुढे १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि मुक्ताबाई सती गेल्या. जिला स्वतःला सासऱ्याने त्या मार्गावरून परतविले, त्या मातेने आपल्या लेकीस परतविण्याची परोपरीने खटपट केली. ती व्यर्थ गेली. त्या आघातानंतरही त्यांनी कारभार टाकला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे देहावसान झाले. दोनच वर्षांनी तुकोजीही गेले आणि मग त्यांच्या पुत्रांत वारसाचे भांडण पेटून होळकरांची दौलत खिळखिळी झाली. अहिल्याबाईंनी इतकी वर्षे काय धरून ठेवले होते, हे त्यावरून समजते.

या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी घेतो. मागे राहणाऱ्याचे काम हे मोहिमेचाच अर्धा भाग असते, म्हणून त्यास तितकाच मान द्यावा. दूर असलेल्यांनी व घरी असलेल्यांनी हिशेब आणि मतभेद मोकळेपणाने बोलावे, पण त्यासाठी नाते तोडू नये. आणि सुनेच्या बुद्धीला मल्हाररावांप्रमाणे वेळीच वाव द्यावा. सैनिकाच्या पत्नीची शिक्षिकेची किंवा परिचारिकेची नोकरी ही पतीच्या बदलीबरोबर टाकून द्यावयाची वस्तू नव्हे. इ. स. २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलीही शिक्षण घेऊ लागल्या. तेव्हा काही घरांत मागे राहण्याची पाळी पतीवर येईल. त्याने ती कमीपणाची मानू नये. ज्या कामात अहिल्याबाईंनी जन्म वेचला ते काम कोणालाही भूषणावह आहे.

आपल्या घराघरांतील सासू-सासऱ्यांनी, सुनांनी व मुलांनी हे चरित्र एकत्र बसून वाचावे, इतकीच आमची विनंती आहे.